भिडेशेटचा वाटा

करंज्याच्या सहलीतून विनायक भिड्याला काय मिळणार होतं, ते आधी सांगून टाकतो. म्हणजे पुढे जे झालं त्याला निव्वळ अपघात म्हणण्याचा मोह कुणाला होणार नाही.

माझी बदली पनवेलहून जालन्याला झाली, तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येकाच्या पदरात काही ना काही पडणार होतं. घरमालकाला नवा भाडेकरू मिळणार होता. तळमजल्यावरच्या दाजींचा आमच्या अँटेनाच्या पाइपावर कधीपासून डोळा होता. ते समाचाराला आले तेव्हा "फार वाईट झालं हो टिपणीस" असं माझ्याकडे बघून म्हणाले खरे, पण वाक्य संपेपर्यंत त्यांची नजर पाइपाच्या बुडापर्यंत जाऊन आली होती. वरच्या मजल्यावरच्या विनायक भिड्याचा मात्र शुद्ध तोटा होता. कारण विनायक दर रविवारी आमच्याकडे मासे खायचा, आणि ही गोष्ट त्याच्या बायकोला ठाऊक नव्हती.

आता विनायकचं सासर वाईचं, कीर्तनकाराचं. लग्न ठरवताना विनायक बाणेदारपणे म्हणाला होता, "आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही." त्या वाक्याचा मान राखण्याचं काम लग्नापासून आजतागायत माझं स्वयंपाकघर करत होतं. रविवारी सकाळी तो पेपर वाचायच्या निमित्तानं खाली यायचा, वास लागू नये म्हणून अंगातला शर्ट काढून आमच्या खुंटीवरचा खास त्या कामासाठी ठेवलेला जुना निळा सदरा चढवायचा आणि पाटावर बसायचा. जेवण झालं की लिंबाच्या सालीनं हात चोळायचे, बडीशेपेचा बकाणा भरायचा, सदरा खुंटीला, शर्ट अंगात, आणि निष्पाप चेहऱ्यानं वर. सचिवालयात फायली दाबणाऱ्यांनीही शिकवणी लावावी इतकं ते काम सफाईचं होतं.

मला निरोपादाखल माझ्या सगळ्या आवडत्या भटकंत्या पुन्हा एकदा करायच्या होत्या. कर्नाळ्याचा सुळका, जासईच्या खाडीतल्या चिंबोऱ्या, करंज्याहून रेवसला जाणारी लाँच. ह्या मोहिमांच्या हकिगती मी कचेरीत इतक्यांदा सांगितल्या होत्या की कर्नाळ्याच्या गोष्टीत सुरुवातीला असलेल्या दोन मधमाश्यांचं शेवटी आग्यामोहोळ झालं होतं. विनायकनं यादी ऐकून घेतली आणि कर्नाळा पहिल्याच झटक्यात उडवला.

"कर्नाळ्याला काय आहे?" तो म्हणाला.

"पक्षी आहेत."

"त्यांचा आपल्याला काय उपयोग?"

चिंबोऱ्या पकडण्यात चिखल फार म्हणून त्याही गेल्या. करंजा राहिलं. तिथला जगन तांडेल, म्हणजे मासेमारीच्या होडीचा म्होरक्या, माझ्या ओळखीचा. त्याच्या जमिनीचे कागद एकदा माझ्या टेबलावरून वेळेत पुढे गेले होते. सरकारी कचेरीत अशी गोष्ट घडली की माणसं पिढ्यान्‌पिढ्या विसरत नाहीत. "कवा पन या सायेब, डोल उचलाला नेतंय," असं त्यानं मला सांगून ठेवलं होतं. डोल म्हणजे समुद्रात खुंटांना बांधलेलं लांबलचक पिशवीसारखं जाळं. पाण्याच्या ओढीनं मासा आपण होऊन आत शिरतो. पाणी थबकलं की होडीवाले जाऊन ते उचलतात. त्या वेळेची वाट बघताना होडीवरच ताज्या माशाचं कालवण आणि भात शिजतो.

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि विनायकच्या डोळ्यांत पाणी आलं. विचार करा: समुद्राच्या मधोमध, बायकोच्या हद्दीच्या पूर्ण बाहेर, सदरासुद्धा न बदलता! सोमवारी आमचा ट्रक निघणार आणि त्याची खानावळ कायमची बंद होणार. हे जेवण म्हणजे त्याच्या चोरट्या कारकिर्दीचा निरोप समारंभ होता. ते चुकलं, किंवा उघडकीला आलं, तर पुन्हा संधी नव्हती.

"मग मनिषावहिनींना काय सांगायचं?" मी विचारलं.

"समुद्राची हवा."

अडचण एवढीच झाली की समुद्राची हवा मनिषावहिनींनाही हवी होती. त्यांना माझ्या बायकोनं, शकूनं, आग्रहानं बोलावलं. "त्यांना कशाला?" मी शकूला आत नेऊन विचारलं. ती म्हणाली, "मला जालन्यासाठी सुकट-बोंबील भरायचेत. सोबत नको?" नाकाला पदर लावून बसणारी बाई सुकटीच्या खरेदीला सोबत नेण्यात कसलं शहाणपण होतं, ते मला कळेना. पण बायकोचं न कळलेलं बोलणं मी सहसा वाद न घालता फायलीला लावतो.

बातमी बिल्डिंगभर पसरली आणि सल्ले सुरू झाले. दाजी आयुष्यभर मुंबईच्या गोदीत नोकरीला होते. बोटीत त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं, पण पाठवलेल्या बोटींच्या जोरावर ते समुद्राविषयी अधिकारानं बोलत. "भरल्या पोटी जा," ते म्हणाले. "जड वस्तू हलत नाही. गोदीतला साधा नियम आहे." मी पोहे खाल्ले, वर थालीपीठ खाल्लं. घरमालकांनी गालात आलं धरायला सांगितलं. ते धरलं. त्यांच्या सौभाग्यवतींनी सांगितलं की बनियनच्या आत पोटावर वर्तमानपत्र ठेवलं की मळमळत नाही. मी रविवारची पुरवणी ठेवली, ती जाड असते म्हणून. अशा रीतीनं खबरदारीचे सगळे उपाय एकाच देहात एकवटून मी एसटीत चढलो.

जासईपाशी कंटेनरवाल्या ट्रेलरांची रांग लागली होती. जवळ मोठं बंदर झाल्यापासून त्या रस्त्यावर माणसांच्या गाड्यांनी जायचं असतं हेच ते लोक विसरले होते. शकू आणि मनिषावहिनी पुढच्या सीटवर काहीतरी हळू आवाजात बोलत होत्या. मागे विनायक माझ्या कानाला लागला.

"होडीवर कोकमाचं आगळ-बिगळ असतं ना रे?"

"हळू बोल!"

"आणि तिखट? तिखट बेताचं नको हं घालायला. शेवटचं जेवण आहे."

"फाशी जातोयस का?"

"तुझं काय जातंय बोलायला," तो उसासा टाकून म्हणाला. "तू जालन्याला जाऊन राजरोस खाशील."

करंज्याच्या धक्क्यावर जगन होडी सज्ज ठेवून उभा होता. पण धक्क्यावर एक कारकूनही होता.

"हे कोण?" त्यानं जगनला विचारलं.

"पावने हायत."

"पाहुण्यांना मच्छीमारी होडीवर बंदी आहे. परवाच साहेब सांगून गेलेत. खलाशी असतील तर जाऊ द्या."

मी पुढे झालो. अशा प्रसंगी काय बोलावं हे मला कुणी शिकवायला नको. "परिपत्रकाचा क्रमांक काय?" मी विचारलं.

त्या माणसाचा चेहरा एकदम फुलला. परमुलखात गाववाला भेटावा तसा तो माझ्याकडे बघू लागला. त्यानं मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि अत्यंत प्रेमानं म्हणाला, "आपण अर्ज करा. मंगळवारी साहेब येतात. मंगळवारी या."

आयुष्यात मी हे वाक्य किती लोकांना ऐकवलं असेल! ते समोरून येतं तेव्हा कसं लागतं, ते मला त्या दिवशी प्रथमच कळलं. सोमवारी आमचा ट्रक होता. विनायकचा चेहरा तर शिळ्या बोंबलासारखा लुळा पडला होता. शेवटी जगनच म्हणाला, "अवो खलाशीच हायत. नवीन."

कारकुनानं विनायककडे पाहिलं. मग माझा चष्मा, माझी छत्री, आणि शर्टाच्या दोन बटणांमधून डोकावणारी रविवारची पुरवणी, हे सगळं सावकाश न्याहाळलं.

"हा पण?"

"ह्यो पन."

"मग हरकत नाही," तो म्हणाला. सरकारी मनुष्य शब्दाला जपतो. डोळ्यांवर विसंबत नाही.

बायका धक्क्यावरच राहिल्या. जगनची आई, चिंधीमावशी, टोपल्यांच्या मधोमध बसून मासळीचा लिलाव पुकारत होती. शकूनं तिच्याशी बोंबलांवरून लगेच झकाझकी सुरू केली. मनिषावहिनींचा पदर नाकाला होताच. ते दृश्य पाहून विनायक निर्धास्त झाला.

होडी सुटली. खुंटांकडे जाताना जगननं आम्हाला समोर बसवून नियम सांगितला. "आता तुमी खलाशी. जाल्याला ज्याचा हात लागला, त्याला वाटा. आनि वाटा आला की नको बोलाचं नाय. नको बोल्लं की डोल रुसते, मंग हंगाम खलास."

आम्ही हसलो. जगन हसला नाही.

यापुढची हकिगत मी थोडक्यात सांगणार आहे, आणि त्याचं कारण सुज्ञांना कळेल. दाजींचा सिद्धांत एवढा खरा ठरला की जड वस्तू हलत नाही. पण तिच्या आतलं सगळं हलतं. होडी खुंटांपाशी थांबली आणि जागच्या जागी डुलायला लागली. आधी आलं गेलं. मग थालीपीठ. मग पोहे. पुरवणी तेवढी जागेवर राहिली. मी होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवरच्या दोरखंडांवर आडवा झालो. वर आकाश एकदा डावीकडे जायचं, एकदा उजवीकडे. दूरवर द्रोणागिरीचा डोंगरसुद्धा डोलत होता. कचेरीत मी रेवसच्या लाँचची वादळी हकिगत सांगायचो, ती ऐकलेल्या माणसांपैकी तिथे कुणी नव्हतं, एवढंच समाधान.

माझ्या डोक्याजवळ चुलीवर मांदेलीचं कालवण रटरटत होतं. त्याचा वास आला आणि माशांवर जीव टाकणाऱ्या टिपणीस घराण्यातला मी, हात जोडून जगनला म्हणालो, "ते झाक रे बाबा."

विनायक मात्र एका ताटावर थांबला नाही. त्यानं दुसरं घेतलं. काटे चोखून चोखून होडीबाहेर टाकत होता. घाम पुसत, नाक ओढत, डोळे मिटत तो जेवत होता, आणि मधूनमधून माझ्याकडे बघून म्हणत होता, "तू थोडा भात तरी खा रे." ह्या माणसाला मी इतकी वर्षं पोसलं होतं.

पाणी थबकलं. जगननं हाक दिली, खलाशी दोरांना भिडले, आणि डोल ओढली जाताना होडी एका अंगाला अशी कलली की विनायक ताटासकट घसरत कडेला गेला. समुद्रात पडायच्या भीतीनं त्यानं हाताला लागेल ते धरलं. हाताला लागला तो जाळ्याचा दोर. त्यानं तो दोन्ही हातांनी कवटाळला, पाय आडव्या फळीला लावले आणि डोळे मिटून मागे रेलला. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, पिढीजात खलाशी आहे.

"वा भिडेशेट!" जगन ओरडला. "खेचा!"

जाळ्यातून होडीत चांदी सांडली. बोंबील, मांदेली, कोळंबी, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये शेपटी आपटत एक जिताडा. आता आमच्या भागाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो: जिताडा हा केवळ मासा नाही. आमच्याकडे तो व्याह्यांना पाठवतात, मोठ्या साहेबांच्या घरी पोचवतात. त्याच्या एकेका तुकड्यावर कैक सोयरिकी जुळल्यात. "भिडेशेटचा हात लागला न जिताडा आला!" जगननं जाहीर केलं. सगळ्या होडीनं विनायककडे आदरानं पाहिलं. त्याचे डोळे अजून मिटलेलेच होते.

परत धक्क्याला लागलो, तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती, पण मी जमिनीवर पाय ठेवण्याच्या आनंदात होतो. मनिषावहिनी चिंधीमावशीशेजारी पालथ्या टोपलीवर बसल्या होत्या, आणि पदर नाकाला नव्हता. कमरेला खोचलेला होता.

जगननं धक्क्यावर मासळीचे वाटे घातले. एक होडीचा, एक जाळ्याचा, मग खलाशांचे. मी चष्मा पुसून पुढे झालो. जालन्याला जाणाऱ्या माणसाचा काही विचार होईल, अशी माझी अपेक्षा होती.

"टिपनीस सायबाचा वाटा नाय," जगन म्हणाला. "हात लागला नाय."

"अरे, मी आजारी होतो!"

"आजारी खलाशाला देताव ना सायेब. पन त्यानं हात लावून मंग आजारी पडाला पायजे."

ह्यावर अपील नव्हतं. माझ्या कचेरीतला सर्वांत पक्का नियमसुद्धा इतका बिनतोड नाही. मग जगननं जिताडा दोन्ही हातांवर उचलला आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात पुकारा केला:

"आनि ह्यो भिडेशेटचा वाटा!"

विनायकनं मागे पाहिलं. दुसरा कुणी भिडे असावा, ह्या आशेनं. नव्हता. पुढे जिताडा, मागे बायको. तो दोन पावलं मागे सरला. "मला? छे छे. मला नको. आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही!"

खलाशी एकमेकांकडे बघू लागले. जगनचा चेहरा उतरला, मग तापला.

"नको? अवो डोल रुसंल माजी! खात नाय बोलता? मंग होडीवर दोन ताटं कोनी हानली? काटे कोनी चोखले? टिपनीस सायेब तं मेलेला पडला होता!"

विनायक माझ्याकडे बघू लागला. मी समुद्राकडे बघू लागलो. इतक्या वर्षांची लिंबाची सालं, बडीशेप, तो निळा सदरा, सगळं त्या धक्क्यावर उघडं पडलं होतं.

मनिषावहिनी उठल्या. शांतपणे जगनसमोर गेल्या. जिताड्याचा कल्ला बोटानं उचलून आत पाहिलं, चिंधीमावशीकडे वळून "लाल आहे, ताजा आहे" म्हणाल्या. चिंधीमावशीनं शिकवणी फळाला आलेल्या मास्तरणीसारखी मान डोलावली.

"खवले काढून तुकडे करून द्या, मावशी," मनिषावहिनी म्हणाल्या. "डोकं वेगळं ठेवा. ते ह्यांना आवडतं ना, शकूताई?"

"कालवणात," शकू म्हणाली.

विनायक बर्फाच्या पेटीवर बसला. त्याला थंडी वाजली असेल तर ती बर्फाची नव्हती.

परतीच्या एसटीत सगळं कळलं. शकूनं पहिल्याच वर्षी वहिनींना सांगून टाकलं होतं. "तिला न सांगता तिच्या नवऱ्याला जेवू घालीन होय मी?" ती मलाच दरडावून म्हणाली. आणि मनिषावहिनी कुणाचं फुकट ठेवून घेणाऱ्या नव्हत्या. दर संकष्टीला वरून आमच्याकडे उकडीच्या मोदकांचं ताट यायचं. मी ते इतकी वर्षं शेजारधर्म समजून खात होतो. माझ्या स्वभावामुळे लोक आपल्याला जपतात, असाही माझा एक समज होता. ते ताट म्हणजे विनायकच्या माशांची फेड होती.

"अगं, मग बोलली का नाहीस कधी?" विनायकनं कसंबसं विचारलं.

"बोलले असते तर मला नाही म्हणावं लागलं असतं," वहिनी म्हणाल्या. "आता शकूताई चालल्या. तुम्ही उद्या कुठल्याशा खानावळीत जाऊन शिळंपाकं खाणार. त्यापेक्षा आपल्या गॅलरीत खा. मी विकत आणून देईन, आज शिकलेय. पण शिजवायचं तुम्ही, भांडी घासायची तुम्ही, आणि आंघोळ करूनच घरात यायचं."

म्हणजे सुकटीच्या खरेदीला सोबत कशाला, ह्या प्रश्नाची फाइल तिथे निकालात निघाली.

संध्याकाळी भिड्यांच्या गॅलरीत जिताडा तळला गेला. स्टो आमचा होता, बिडाचा तवाही आमचा. शकूनं दोन्ही मनिषावहिनींना देऊन टाकले होते, मला न विचारता. दाजी अँटेनाचा पाइप खांद्यावर घेऊन जाता जाता वासानं वर आले आणि थांबले. त्यांनी माझी नाडी पाहिली आणि सांगितलं की समुद्र लागलेल्या माणसानं दोन दिवस ताकभाताखेरीज काही घेऊ नये. मग माझ्या नावचा तुकडा त्यांनी वाया जाऊ दिला नाही.

विनायकनं पहिला घास घेतला. बायको समोर खुर्चीवर बसून बघत होती. "मीठ बरोबर आहे का?" तिनं विचारलं. त्यानं मान हलवली, पण त्याच्या चेहऱ्यावर मला ती रविवारची कळा दिसली नाही. चोरून खाल्लेला मासा आणि परवानगीनं खाल्लेला मासा यांच्या चवीत फरक असतो, हे त्या बिचाऱ्याला तिथे कळलं. पण ताटातले चारही तुकडे त्यानं संपवले. तसा तो तत्त्वासाठी उपाशी राहणारा नव्हे.

सोमवारी ट्रक निघाला. पळस्प्याच्या फाट्यावर गोव्याचा रस्ता वेगळा झाला, समुद्राच्या बाजूनं गेला. आम्ही घाटाकडे वळलो. मी ड्रायव्हरशेजारी बसून मनातल्या मनात ताळेबंद मांडला. विनायकला मासा मिळाला, चोरी गेली. मनिषावहिनींनी गॅलरी दिली, नवरा डोळ्यांसमोर आला. शकूनं तवा दिला, बोंबील आणले. दाजींनी काहीच दिलं नाही. त्यांना पाइप मिळाला आणि वर जिताडा. सगळ्यांची खाती जुळत होती. मग ह्या सगळ्याची किंमत भरली कुणी?

उत्तर जालन्याला मिळालं. नव्या घरमालकांनी सामान उतरताना पोत्याचा वास घेतला आणि हात जोडून सांगितलं, "आमच्या घरात हे चालत नाही." बोंबील तसेच बांधलेले ट्रंकेत गेले. संकष्टी आली आणि गेली. वरून कुणी ताट पाठवलं नाही, कारण वर गच्ची होती.

शकूला एका गाठोड्यात विनायकचा निळा सदरा सापडला. परत पाठवण्यात अर्थ नव्हता. त्याला आता तो लागत नव्हता. मी तो खुंटीला लावला. दर रविवारी मी त्याच्या खाली पाट मांडून वरणभात जेवतो. शकू अधूनमधून तो धुवायला काढते. मी धुवू देत नाही.